सगळा बाजार तोट्यात कसा

माझे काका कुठल्याही दुकानात शिरले की आधी माल बघत नाहीत आणि दुकानदाराचं तोंडही बघत नाहीत. आधी काटा बघतात. वजनकाटे दुरुस्त करणं हा त्यांचा धंदा. भाजीवाल्यांपासून सोनारापर्यंत आमच्या बाजारातले बहुतेक सगळे काटे त्यांच्या हाताखालून गेलेत, म्हणून बाजार त्यांना काटेकाका म्हणतो आणि घरात आम्हीही तेच म्हणतो. समोरचा हसून नमस्कार करत असतो आणि हे त्याच्या खांद्यावरून पलीकडे बघत विचारतात, "तुमचं डावं पारडं जरा जड झालंय का हो?"

संशय हे माझं हत्यार आहे, पान्यासारखं, असं ते सांगतात. पण पाना संध्याकाळी पेटीत जातो, संशय मात्र त्यांच्या शेजारी जेवायला बसतो. दूधवाल्याचं माप, विजेचा मीटर, गॅसची टाकी, कशावरच त्यांचा विश्वास नाही. भिंतीवरच्या घड्याळात वाजले किती ते हातातल्या घड्याळाला विचारतात, आणि मग हातातल्याबद्दल मला. सगळं नीट जुळलं तर जास्तच अस्वस्थ होतात. मान तिरकी करून, एक डोळा बारीक करून म्हणतात, "पाणी मुरतंय. कुठेतरी पाणी मुरतंय."

त्यांचा विश्वास जगात एकाच वस्तूवर: अर्ध्या किलोचं एक पितळी वजन. ज्या उस्तादांकडे ते काम शिकले त्यांनी जाताना हे वजन त्यांच्या हातात ठेवलं होतं. वजनमापे खात्याकडून तपासून आणलेली पोलादी वजनंही काकांकडे आहेत, पण ती पेटीसकट कपाटात. "खात्यातला माणूस सकाळी डबा उघडून बसतो आणि दुपारी बंद करतो, तो काय तपासणार?" त्यामुळे आमच्या बाजारातला प्रत्येक काटा काकांनी त्या पितळी वजनावर जुळवला. खात्याचा साहेब वर्षातून एकदा यायचा, काट्यावर काकांचा हात फिरलाय हे ऐकायचा आणि चहा घेऊन शिक्का मारून जायचा.

त्या वजनावरूनच काकूचं माहेर तुटलं.

काकूचा भाऊ रद्दीचं दुकान चालवतो. त्याला आम्ही रद्दीमामा म्हणतो. बुटका, गोल, बोलताना प्रत्येक वाक्याचा शेवटचा शब्द परत म्हणणारा, गिऱ्हाइकाला पावती द्यावी तसा. "बसा दाजी, बसा." "काटा कंपनीचा आहे, कंपनीचा." मामांनी आपला काटा काकांकडे कधी दिला नाही. मेहुण्याला पैसे देणं बरं दिसत नाही आणि फुकट करून घेणं त्याहून बरं दिसत नाही, म्हणून ते परस्पर कंपनीच्या माणसाला बोलवायचे. काकांच्या मनात पाल चुकचुकत राहिली. मग गेल्या वर्षी एका सकाळी, दुकानात रद्दी घेऊन आलेल्या बायकांची रांग असताना, काकांनी खिशातून वजन काढलं आणि मामांच्या काट्यावर ठेवलं. काटा कमी दाखवत होता. रद्दीवाला विकत घेणारा, त्याचा काटा कमी दाखवतो म्हणजे लोकांची रद्दी कमी भावात त्याच्या घशात. काका रस्त्याकडे तोंड करून म्हणाले, "मेहुणा असला म्हणून काय झालं. काटा खोटा आहे." रांग तिथल्या तिथे विरघळली. गठ्ठे उचलून बायका पुढच्या चौकातल्या दुकानात गेल्या, आणि पुढेही तिथेच जात राहिल्या.

तेव्हापासून दोन्ही घरांत बोलणं बंद. आणि आता मामांच्या मुलीचं लग्न ठरलं होतं, आमची ठरलेली परदेशाची सहल संपल्यावर लगेचच. मामांनी काकूला फोन केला होता, "ताई, तू ये. ये तू." काकांना काही म्हटलं नव्हतं. काकांनी मात्र ऐकवलं होतं, "ज्याचा काटा खोटा त्याच्या दारात माझ्या घरचं माणूस जाणार नाही." काकूने भाचीला लहानपणी स्वतःच्या हाताने न्हाऊ घातलेलं, शाळेत सोडलेलं. ती काही बोलली नव्हती. काकू बोलत नाही तेव्हा घरातली भांडी बोलतात.

म्हणजे परदेशातल्या त्या सहलीत काका खिसे सांभाळत होते, मी नकला करायला सगळ्यांच्या बोलण्याच्या लकबी टिपत होते आणि काकू फक्त लग्नाला कसं जायचं याचा विचार करत होती. सहलीचे पैसे दादाने, म्हणजे काकांच्या मुलाने, भरले होते. मोडकंतोडकं इंग्रजी बोलते म्हणून मला त्यांच्यासोबत धाडलं होतं. पितळी वजनही सोबत होतंच. काकूने काकांच्या विजारीला आतून एक चोरखिसा शिवला होता, त्यात. विमानतळावरच्या शिपायाने ते हातात घेऊन उलटंपालटं केलं, हलवून बघितलं, कानाला लावलं आणि परत दिलं. काका पुढचा अर्धा प्रवास म्हणत होते, "कानाला का लावलं असेल?"

मोकळ्या दिवसाच्या सकाळी हॉटेलच्या जेवणघरात टूरवाला टाळ्या वाजवत उभा राहिला. हा माणूस मधात बुडवून काढल्यासारखा बोलतो. "मंडऽऽळी, आजचा दिवस तुमचा. मोकळा. मागच्या गल्लीत इथल्या लोकांचा बाजार आहे, जा, रमा, हरवा. फक्त पाकिटं पुढच्या खिशात, पिशव्या पोटावर, आणि कुणी फारच गोड बोललं तर जरा लांब."

काका माझ्या कानाशी आले. "हा पहिल्या दिवसापासून गोड बोलतोय."

"काका, तो त्याचा पगार आहे."

"आणि मोकळा दिवस म्हणजे काय? सुट्टी त्याची, वणवण आपली."

काकूने चहाचा कप खाली ठेवला. "तुम्हाला खोलीत बसायचं असेल तर बसा. मला भाचीसाठी काहीतरी घ्यायचंय."

भाची हा शब्द टेबलावर पडला आणि तिथेच राहिला. काकांनी तो उचलला नाही. उठून बूट घालायला गेले.

बाजार म्हणजे उंच पत्र्याच्या छपराखालची लांबच लांब शेड होती. फरशी नुकतीच धुतलेली, लाकडी खोक्यांतून पाणी ठिबकत होतं. पाट्यांवर खडूने भाव लिहिलेले, खांबांच्या खिळ्यांना कागदी पिशव्यांचे झुबके टांगलेले. रबरी बूट घातलेली माणसं हातगाड्या ढकलत ओरडत होती. भाषा कळत नव्हती पण ओरडण्याचा अर्थ कळत होता: बाजूला व्हा. काका पिशवी पोटाशी धरून, पाठ शक्यतो खांबाला लावत चालत होते. कुणी धक्का दिला की आधी चोरखिसा चाचपायचे, मग धक्का देणाऱ्याला बघायचे. त्यांना बघून दोन माणसांनी आपापले खिसे चाचपले.

पहिला ठेला फळांचा. मालकीण जाडजूड, चष्मा दोरीने गळ्यात लोंबणारा. तिला इंग्रजीचे दोनच शब्द येत होते आणि ती दोन्ही एकदम वापरायची. "गूड फ्रेश, गूड फ्रेश." काकू जांभळी आलुबुखारं निवडू लागली. काका आकडे दाखवणारा काटा निरखू लागले. पुढून बघितला, बाजूने बघितला, वाकून खालून बघितला. मग पाठ वळवून चोरखिशात हात घातला. त्या बाईने काळजीने माझ्याकडे पाहिलं. काका वळले आणि त्यांनी पितळी वजन तिच्या काट्यावर ठेवलं.

आकडे धावले आणि थांबले. पाचशेच्या अलीकडे, पाचसहा ग्रॅम कमी.

"सापडली चोरी," काका म्हणाले. मग त्यांच्या चेहऱ्यावरचा आनंद हळूहळू उतरला. "पण हे उलटं आहे."

"काय उलटं?" मी विचारलं.

"ही विकणारी. विकणाऱ्याचा काटा कमी दाखवला तर गिऱ्हाइकाला माल जास्त जातो. तोटा हिचाच."

"मग चांगलं आहे की."

"स्वतःच्या तोट्याचा काटा लावून कोण बसतं गं? सांग तिला."

मी तिला हातवारे करत सांगितलं की तुमचा काटा कमी दाखवतोय. तिला एवढंच कळलं की गिऱ्हाईक वजनावर नाराज आहे. तिने हसत दोन आलुबुखारं उचलली आणि आमच्या पिशवीत जादा टाकली. "गूड फ्रेश."

काकांचा डोळा बारीक झाला. "वरून फुकट. बघितलंस? पाणी मुरतंय."

पुढच्या खांबाशी थांबून त्यांनी पिशवीतलं एकेक फळ दाबून, फिरवून, वास घेऊन तपासलं. एकही किडकं निघालं नाही. ते फारच वाईट झालं. किडकं निघालं असतं तर त्यांना निदान चैन पडलं असतं.

मासळीच्या रांगेत मोठ्या गोल तबकडीचा काटा होता. कोळी दारासारखा रुंद, आवाज लाउडस्पीकरसारखा, आणि हा माणूस साधं "या" म्हणतानाही भांडल्यासारखा वाटायचा. काकांनी वजन ठेवलं. सुई निघाली आणि पाचशेच्या खुणेच्या आधी थांबली, नेमकी फळवालीच्या काट्याइतकीच कमी. काकांनी वाकून नाक तबकडीला लावलं. कोळ्याला वाटलं काहीतरी खेळ चाललाय. त्याने वजन उचललं, बर्फावर दोन माशांच्या मधोमध निजवलं आणि गंभीर तोंड करून काकांनाच भाव विचारला. आजूबाजूचे हसले. काकांनी वजन हिसकावून घेतलं. काकू रुमालाने ते पुसू लागली आणि पुसता पुसता थांबली. वजनाकडे बघत राहिली, मग फळांच्या ठेल्याच्या दिशेने बघितलं.

"अहो, दोन्हीकडे सारखंच कमी?"

"सारखंच. म्हणजे ठरवून केलंय."

"काय ठरवून केलंय? तोटा?"

"तेच शोधायचंय," काका म्हणाले, आणि गर्दीत घुसले.

आता ते फिरत नव्हते, तपासावर होते. चीजवाली, भाजीवाला, सुटी बिस्किटं विकणारा म्हातारा. मी पुढे जाऊन हसायचं, माफी मागायची, काकांनी वजन ठेवायचं. चीजवालीला वाटलं आम्ही पितळ विकतोय. तिने मान हलवून नको म्हटलं. बिस्किटवाल्याला वाटलं आम्ही सरकारी माणसं आहोत. त्याने घाईघाईने टोपी काढली आणि बिस्किटांवरचं झाकण सरळ केलं. प्रत्येक काटा कमी. प्रत्येक काटा तेवढाच कमी. काकांच्या कपाळावर घाम आला होता.

शेवटी दाणे आणि सुकामेवा विकणाऱ्याकडे त्यांना जुना दोन पारड्यांचा तराजू दिसला आणि ते गावचं माणूस भेटल्यासारखे तिकडे धावले. "याच्यात बॅटरी नाही, बटण नाही. हा खोटं बोलू शकत नाही." मेवेवाला लांब मिशांचा, शांत. काकांनी खुणेने त्याचं अर्ध्या किलोचं लोखंडी वजन एका पारड्यात ठेवायला लावलं आणि आपलं पितळी दुसऱ्यात. दांडी डुलली, डुलत राहिली, मग लोखंडी खाली गेलं आणि पितळी वरच राहिलं. काकांनी पारडी बदलून बघितली. पितळी पुन्हा वर.

मिशीवाल्याने काकांकडे बघून खांदे उडवले. त्या खांद्यांत सगळं होतं: मी काय करू, तुमचं आहे.

"सगळा बाजार सामील आहे," काका म्हणाले.

"कशाला सामील आहे?" काकूचा आवाज मला जरा वेगळा वाटला. भांड्यांचा आवाज थांबल्यावर येतो तसा. "आपण येणार म्हणून सगळ्यांनी आधीच तोट्यात धंदा सुरू केला?"

"तसं नाही. यांचे काटे एकच माणूस जुळवत असणार. आपल्याकडे मी, तसा इकडे कुणीतरी. त्याच्याच वजनात खोट असेल तर त्याने लावलेला प्रत्येक काटा तेवढाच चुकणार."

"एका माणसाचं वजन चुकलं तर सगळा बाजार चुकतो?"

"चुकतोच. त्याला कळतसुद्धा नाही. तो बापडा आपला वजन खरं समजून..."

वाक्य तिथेच राहिलं. मिशीवाल्याने पारड्यातून पितळी वजन उचलून अदबीने काकांसमोर धरलं होतं आणि काका ते घ्यायला हात पुढे करत नव्हते. मीच घेतलं.

"चला," काकू म्हणाली. "येताना दाराशी तराजूचं चित्र बघितलं होतं. लोक घेतलेला माल तिथे परत मोजून बघत होते."

"ते सरकारी असणार."

"असू दे."

"सरकारी काट्यावर मी..."

काकू चालायला लागली होती. सबंध सहलीत आम्ही काकांच्या मागून चाललो होतो. आता काकू पुढे, मी वजन घेऊन मधे, आणि काका मागून, पिशवी पोटाशी धरायलाही विसरलेले.

दाराशी काचेची छोटी खोली होती. आत स्वेटर घातलेला एक हडकुळा माणूस, समोर काटा आणि लाकडी पेटी. मी काहीतरी बोलायच्या आधीच त्याला माझ्या हातातलं पितळ दिसलं आणि तो खुर्चीतून उठला. काकांनी त्याला आपादमस्तक न्याहाळलं. त्यानेही काकांना. दोघांची मान एकाच बाजूला तिरकी. मला हसू दाबायला तोंडावर हात ठेवावा लागला.

त्या माणसाने हातमोजा चढवला, काटा शून्यावर आणला, पेटीतलं पोलादी वजन काट्यावर ठेवलं. बरोबर पाचशे. काकांनी बोटाने खूण केली: कोपऱ्यात ठेव. त्याने न कुरकुरता काट्याच्या चारी कोपऱ्यांत ठेवून दाखवलं. चारीकडे पाचशे. काकांनी दुसरं वजन मागितलं, मग दोन्ही एकत्र, मग काटा बंद करून पुन्हा चालू. तो करत गेला. खरं तर त्याला मजा येत होती, इतक्या बारकाईने त्याला कुणी कधी छळलं नसावं. शेवटी काकांना मागायला काही उरलं नाही, तेव्हा त्याने माझ्याकडून पितळी वजन घेतलं आणि ठेवलं.

पाचसहा ग्रॅम कमी.

हडकुळ्याने वजनाच्या माथ्यावरून बोट फिरवलं. पाचशेचा आकडा कोरलेला असायला हवा तिथे आता नुसती सावली होती. त्याने काकांकडे बघून भुवया वर केल्या आणि हाताने भांडं घासल्यासारखं केलं.

काका काकूकडे वळले. "तू याला काय लावत होतीस?"

"भांड्यांची पावडर आणि काथ्या. दर रविवारी."

"इतकी वर्षं?"

"लग्न झाल्यापासून. तुम्हीच पेपर वाचता वाचता ओरडायचात, अजून घास, तोंड दिसलं पाहिजे, मळकं वजन काढलं तर बाजार विश्वास ठेवत नाही."

"मी चकाकी म्हणालो होतो. झिजव नव्हतो म्हणालो."

"चकाकी काय बाजारातून आणून लावत होते मी? पितळ गेलं तेव्हाच ती आली."

हडकुळ्याला शब्द कळत नव्हते, पण नवराबायको कुठल्याही देशात कळतात. तो अदबीने खिडकीबाहेर बघू लागला.

बाहेर रिकाम्या खोक्यांशेजारी एक बाक होता. त्यावर आम्ही बसलो. काकांनी वजन मांडीवर घेतलं आणि संशयितांची हजेरी सुरू केली. आधी विमानतळावरचा शिपाई. "त्याने कानाला लावलं तेव्हाच बदललं असेल." काकूने वजनाच्या कडेवरचा खोक दाखवला, उस्तादांच्या हातून पडून झालेला. शिपायाने खोकही तसाच पाडला का? मग हॉटेलातली खोली झाडणारी. मग दादा, त्याने लहानपणी या वजनाने अक्रोड फोडले होते. शेवटी त्यांनी घुटमळत घुटमळत उस्तादांवरही संशय घेतला, आणि लगेच कान पकडले. त्यांच्या पलीकडे कुणी उरलं नाही.

"बाजार," ते एकदम म्हणाले. आवाज इतका बारीक की मी वळून बघितलं, दुसरं कुणी बोललं का. "अगं, आपला सगळा बाजार मी यावर जुळवलाय."

हे तेव्हा कुठे माझ्या नीट लक्षात आलं. काटा खरा असेल तर या वजनाला कमी दाखवणार. काका म्हणणार काटा बिघडलाय, आणि स्क्रू फिरवून तो पाचशे दाखवेपर्यंत जुळवणार. तिथून पुढे तो दुकानदार प्रत्येक अर्ध्या किलोमागे पाचसहा ग्रॅम कमी देणार, आणि त्याला ते माहीतही नसणार. किंवा असणारही.

"किराणावाला मला म्हणायचा," काका म्हणाले, "काटेकाका, तुमचा हात लागला की धंद्याला बरकत येते. दर वेळी चहा, वर खारी. मला वाटायचं गुण माझ्या हाताचा आहे."

"मला वाटायचं साखरेचा डबाच मोठा आहे म्हणून भरत नाही," काकू म्हणाली.

मला हसू आलं. काकांना नाही आलं. ते समोरच्या गर्दीकडे बघत होते. इतका वेळ त्या प्रत्येक माणसात त्यांना चोर दिसत होता, आणि आता ते कुणाच्या नजरेला नजर द्यायला तयार नव्हते.

"गेल्यावर एकेक काटा परत जुळवेन," ते म्हणाले. "पोलादी वजनांवर. फुकट. आधी किराणावाला, मग भाजीगल्ली, मग सोनार..."

"आणि माझा भाऊ?"

"त्याचा काटा जुळवायला नको. त्याचा..." काकांनी मांडीवरचं वजन पालथं केलं. "त्याचाच एक खरा आहे."

काकूने पर्समधून फोन काढला. नंबर लावला, स्पीकर चालू केला आणि बाकावर काकांच्या पुढ्यात ठेवला. स्वतः हाताची घडी घालून बसली. तिचे ओठ मिटलेले होते पण पाय हलत होता.

रिंग वाजत राहिली. मग मामांचा आवाज. "ताई? परदेशातून फोन? कोण गेलं? गेलं कोण?"

काका फोनकडे बघत राहिले. काकूने त्यांना कोपराने ढोसलं.

"मी बोलतोय," काका म्हणाले.

पलीकडून हळूच, "दाजी? ताई बरी आहे ना? आहे ना?"

"बरी आहे. शेजारी बसलीय. इकडे हवा चांगली आहे."

"हवा?"

"थोडी थंड आहे. बाजार मोठा आहे."

"दाजी, पाकीट मारलं का तुमचं? पैसे पाठवू का? पाठवू?"

"नाही हो. ते..." काकांनी डोळे मिटून घेतले. "माझं वजन खोटं निघालं. पितळी. इथे तपासलं. सगळ्या काट्यांवर तपासलं. झिजलंय. तुमचा काटा खरा होता."

इतका वेळ गेला की मी फोनचा पडदा उजळला आहे का ते बघितलं. मग मामा सावकाश म्हणाले, "हे तुम्हाला ताईने लिहून दिलंय का?"

"नाही."

"तिथे दारू स्वस्त आहे का? स्वस्त?"

"मी शुद्धीत आहे. शपथ घेऊ?"

"मग यात काहीतरी आहे. तुम्ही असे सहज बोलणारे नाहीत, नाहीत तुम्ही." मी काकांकडे बघितलं. आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी त्यांच्यावर त्यांच्याइतका संशय घेत होतं. मामांचा आवाज जाड झाला. "हे बघा दाजी. ते तुम्ही फोनवर बोलला नव्हतात. रस्त्याकडे तोंड करून बोलला होतात. मला माझ्या दुकानात वर्षभर माशा मारायला लागल्या. ताईने लग्नाला यावं, तिला कुणी अडवू नये, हे माझं आधीपासूनचं म्हणणं आहे. तुम्हाला यायचं असेल तर आधी दुकानासमोर उभं राहायचं. सकाळी. रांगेच्या वेळेला. आता रांग नाही, तरी त्याच वेळेला."

"आणि काय बोलायचं?"

"ते मी का सांगू? का सांगू मी?" आणि फोन बंद झाला.

काकूने फोन उचलून पर्समध्ये ठेवला. "मी जाणार आहे लग्नाला," ती म्हणाली. विचारलं नव्हतं, सांगितलं होतं.

"जा. मी कुठे नाही म्हणतोय."

"गेल्या महिन्यात म्हणालात."

"तेव्हा वजन..." काकांनी हात झटकला. मग पिशवीच्या बंदाशी चाळा करत राहिले. गाडीवाला येऊन आमच्याशेजारची खोकी उचलून घेऊन गेला. काकांनी खिसा चाचपला नाही.

"पोपटा," त्यांनी मला हाक मारली. लहानपणापासून मला ते याच नावाने हाक मारतात. "तू मामा हो."

"काय?"

"मामाचा आवाज काढ. दुकानात बसलाय असं समज. मी रस्त्यावर उभा आहे. बघू जमतंय का."

मी गाल फुगवले, पोट पुढे काढलं, काकूची पर्स मांडीवर गठ्ठ्यासारखी ठेवली. "काय दाजी, इकडे कुठे? कुठे इकडे?"

काकूने तोंड फिरवलं, खांदे हलत होते. काका खरोखरच उठून उभे राहिले. विजार सारखी केली, घसा खाकरला. येणारेजाणारे बघू लागले.

"मी असं सांगायला आलोय की, गेल्या वर्षी जे काही झालं, ते तांत्रिक कारणामुळे..."

"मोठ्याने," मी मामांच्या आवाजात म्हणाले. "मागच्यांना ऐकू येत नाही. येत नाही ऐकू."

"तेव्हा माझ्या वजनात काही अंशी..."

"काही अंशी नाही," काकू म्हणाली. "आणि तोंड कुठे आहे तुमचं? त्या दिवशी रस्त्याकडे होतं."

काका रस्त्याकडे वळले. समोर हातगाडी ढकलणारी माणसं, रबरी बूट, पिशव्या घेतलेल्या बायका. फळवालीही हातातलं काम टाकून बघत होती. काकांनी मान ताठ केली आणि त्या सगळ्या अनोळखी लोकांना, त्यांना एक अक्षरही कळणार नाही अशा भाषेत, खणखणीत सांगितलं, "माझ्या मेहुण्याचा काटा खरा आहे. वजन माझं खोटं होतं."

दोनतीन माणसं थांबली. कुणीतरी उगीच टाळी वाजवली.

"आता?" काकांनी न वळता विचारलं.

काकूने रुमालाने डोळे पुसले. हसून आलेलं पाणी होतं की दुसरं, मला कळलं नाही. "इथे जमलं," ती म्हणाली. "इथे कुणी ओळखत नाही. परत म्हणा. आणि आता समोर किराणावाला उभा आहे असं समजून म्हणा."

काका घसा खाकरून परत पहिल्यापासून सुरू झाले.